बेचाळीस मिनिटांचं पत्र

मीरा रोड (पूर्व)
१७ एप्रिल २००४, शनिवार

ती. स्व. गुणवंतकाका,

साष्टांग नमस्कार, पण खुर्चीत बसल्या बसल्याच. ऑफिसात खरंच साष्टांग घातला तर पराग सर डॉक्टरला बोलावतील.

दिवाळीला एक अंतर्देशीय नि पाडव्याला एक, एवढ्यावर भागवणारी ही पोरगी आज एकदम पानंच्या पानं का लिहायला बसली, असं तुम्हाला वाटेल. तर कारण असं, की माझ्याकडे आत्ता बेचाळीस मिनिटं आहेत आणि करायला काही म्हणजे काही नाही.

आम्ही शाळांसाठी वेळापत्रक बनवणारं सॉफ्टवेअर करतोय. कुठल्या बाईंचा तास कुठल्या वर्गावर, एका वर्गात एकाच वेळी दोन बाई नकोत, पीटीच्या सरांना गणित नको, असलं सगळं. मी लिहिते ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत असतं. ते मशीनच्या भाषेत उतरवून घ्यावं लागतं, त्याला कंपाइल करणं म्हणतात. बदल दोन ओळींचा असला, तरी तो सगळ्यांना लागणाऱ्या फायलीत असतो, म्हणून सगळं पहिल्यापासून उतरवायचं. त्याला लागतात बेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात मशीनला हात लावायची सोय नाही, माउस हलवला तर बाणसुद्धा जागच्या जागी रुसून बसतो.

दिवसाला फार तर नऊ वेळा कंपाइल होतं आणि माझ्या यादीत चुका आहेत एकसष्ट. पराग सर म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही, पण त्यांना केबिनमधून दिसतं काय, तर क्षितिजा हाताची घडी घालून बसलीय. माझं प्रोबेशन ३१ मेला संपतंय. तोवर काम उरकलं नाही, तर ते अंधेरीच्या एका कंपनीला द्यायचं आणि मला नारळ. मग बाबांनी बघून ठेवलेली पतपेढीतली कारकुनी आहेच. बाबांना यातलं मी काही सांगितलेलं नाही, तुम्हीही तुमच्या भावाला कळवू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, हे या बाबतीत बरंच झालं.

एक गंमत सांगते. मशीनच्या तोंडाशी एक लाल दिवा आहे. कंपाइल सुरू झालं की तो विझतच नाही आणि आतून कुरकुर कुरकुर आवाज येतो. किती राबतंय बिचारं, असं वाटून मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

थांबते. झालं एकदाचं. शेवटच्या फायलीत एक अर्धविराम राहिलाय म्हणे. म्हणजे आणखी बेचाळीस मिनिटं, पण कागद संपला.

तुमची,
क्षितिजा


श्रीवर्धन
२२ एप्रिल २००४

चि. क्षितिजा,

आशीर्वाद. पत्र आज गुरुवारी पोचलं. शिक्का सोमवारचा, म्हणजे शनिवारची शेवटची पेटी तू चुकवलीस. पिनकोडही चुकवलास, पोस्टमनच्या कृपेनं पोचलं. ज्याने चौतीस वर्षं रेल्वे टपालात पत्रांची छाननी केली, त्याच्या सख्ख्या पुतणीला पिनकोड येऊ नये, म्हणजे दिव्याखाली अंधार तो हाच.

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या शेवंतीला वेळापत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. तिचं म्हणणं, "येवढं डोकं लावाया पोरीला पगार हाय का न्हाय?" हाय म्हणून सांगितलं, तेव्हा ती भाकरी ठेवून गेली.

एक काम कर. वही घाल. तारीख, किती मिनिटं लागली आणि त्या खेपेला काय वेगळं केलं होतंस, एवढे तीन रकाने. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आता तो लाल दिवा. तू म्हणतेस मशीन राबतंय. पण तो दिवा कुणाचा, काम करणाऱ्याचा की सामान आणून देणाऱ्याचा? सावकाश चौकशी करून कळव. घाई नाही. सविस्तर लिही.

तुझा,
गुणवंतकाका


मीरा रोड (पूर्व)
२८ एप्रिल २००४, बुधवार

ती. स्व. काका,

कंपाइल लावलंय, आता मी तुमची.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. काम करतो तो प्रोसेसर. त्याच्या हाताशी जी जागा असते ती मेमरी. डिस्क म्हणजे कोठी. तिथे सामान मावतं भरपूर, पण आणायला वेळ लागतो. लाल दिवा कोठीचा. म्हणजे सामान आणणाऱ्याचाच, तुम्ही बरोबर ओळखलंत. पण मशीनच्या पोटात काय चालतं हा काही माझा प्रांत नाही, आम्हाला फक्त प्रोग्राम लिहायला शिकवलंय.

इथे मोठी घडामोड झाली. पराग सरांनी ठरवलं की प्रोसेसर जुना झालाय. शनिवारी नवा आणला. मशीनला हळदीकुंकू लावलं, सरांनी स्वतः नारळ फोडला, नेहाने सगळ्यांना खोबरं वाटलं. नेहा आमच्या रिसेप्शनला बसते. मग सगळे माझ्या पाठीमागे उभे राहिले आणि मी कंपाइल लावलं. पाच मिनिटांनी निम्मे गेले. पंधरा मिनिटांनी सर एकटेच उरले. चाळीस मिनिटांनी झालं. दोन मिनिटं वाचली, तीही बहुतेक नारळाने. सर करवंटी घेऊन केबिनमध्ये गेले.

वही घातलीय. त्यात एक नोंद विचित्र आहे. काल मी गाणी, मेल, बाकीच्या खिडक्या सगळं बंद करून कंपाइल लावलं, तर छत्तीस मिनिटं लागली. कशाने, ते कळलं नाही.

आणि हो, माझ्या मशीनला मेमरी १२८ आहे. हा आकडा तुम्हाला काही सांगणार नाही, तर असं बघा, नेहाच्या मशीनला ५१२ आहे. ती त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं टाइप करते. ते नवं, काळं, चकचकीत मशीन दाराशी ठेवलंय, कारण शाळांचे ट्रस्टी आत येताना पहिलं तेच बघतात. आपल्याकडे पाहुण्यांचे कप वेगळे असतात ना, तसं.

चुका उरल्या पन्नास. लिहा लवकर.

क्षितिजा

(पिनकोड आईला विचारून घातलाय.)


श्रीवर्धन
३ मे २००४

चि. क्षितिजा,

आशीर्वाद. पिनकोड या वेळी शेजारच्या तालुक्याचा घातला आहेस. आईला आशीर्वाद सांग आणि तिला विचारू नकोस.

नारळाची हकिकत वाचून इतका हसलो की शेवंती कुंपणावरून डोकावली. खोबरं वाया गेलं नाही हे उत्तम. यंदा कैरी बरी आहे, लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे, कोणी येणारं असलं तर धाडतो. माझी तब्येत ठीक. कानाचं यंत्र दर दोन दिवसांनी शीळ घालतं, म्हणून काढून ठेवतो. शेवंती सगळ्यांना सांगत सुटली आहे की म्हातारा रोज अकराला पोस्टात जाऊन बसतो. साफ खोटं आहे. मी साडेदहाला जातो.

तुझी वही वाचून मला आमच्या महिपतची आठवण झाली. तो माझ्याबरोबर छाननीला होता. पण ती मोठी गोष्ट आहे, पुढे कधीतरी सांगेन.

घाई करू नकोस. होईल काम. त्या छत्तीस मिनिटांबद्दल आणखी लिही, आणि नेहाबद्दलही. ती मुलगी मला आवडली.

तुझा,
गुणवंतकाका


मीरा रोड (पूर्व)
८ मे २००४, शनिवार

ती. स्व. काका,

हे लांब पत्र शेवटचं समजा.

काल मी कंपाइल लावून तुम्हालाच लिहीत होते आणि पराग सर मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलंच नाही. "लोणच्याची बरणी" इथपर्यंत त्यांनी वाचलं. तो कागद त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला. आवाज नाही चढवला, चढवला असता तर बरं वाटलं असतं. फक्त एवढंच बोलले, "क्षितिजा, एकतीस तारखेला मला चालणारी सीडी पाहिजे. नाहीतर मग घरी बसून निवांत पत्रं लिही."

मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले. आळशी म्हणतात मला, काका. सकाळी साडेनऊला सगळ्यांच्या आधी येते मी. शेअर रिक्षात डबा मांडीवर घेऊन चुकांची यादी वाचत येते. पण चाळीस मिनिटं नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला आळशी नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?

चुका उरल्यात अडतीस. तेवीस दिवस. काही दुरुस्त केलं की दुसरीकडे दोन नव्या निघतात. पतपेढीत मी मन लावून काम करेन, असं स्वतःला समजावून बघितलं. नाही जमत. मला हेच करायचंय.

महिपतची गोष्ट सांगायची असेल तर सांगा. नसेल तर राहू द्या.

क्षितिजा


श्रीवर्धन
१३ मे २००४
(स्पीड पोस्टाने)

चि. क्षितिजा,

आशीर्वाद नंतर, आधी महिपत.

आमच्या हाफिसात छाननी करणाऱ्यापुढे खणांची मांडणी असते. एका गावाला एक खण. पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. महिपतसारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. पण एका वर्षी त्याला दिली वीस खणांची मांडणी आणि गावं दीडशे. मग तो काय करणार? वीस गावांची पत्रं लावायची, खण भरले की ती बांधून लांबच्या थैलीत ठेवून यायची, खण मोकळे करायचे, पुढची वीस गावं घ्यायची. पुन्हा पहिल्या गावाचं पत्र निघालं की थैलीपर्यंत जायचं, ते बांधलेलं सोडून आणायचं. दिवसभर ये-जा, ये-जा. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. साहेबाला वाटलं महिपत कामचुकार. त्याला काढून दुसरा चलाख माणूस आणला. त्याचंही तेच झालं. तुमच्या सरांनी नारळ फोडून आणला तो हाच दुसरा माणूस.

तुझा लाल दिवा म्हणजे महिपतचे पाय. पाय चालू, म्हणजे हात बंद. मशीन राबत नव्हतं, हेलपाटे घालत होतं. बाकीच्या खिडक्या बंद केल्यास तेव्हा चार खण मोकळे झाले, म्हणून छत्तीस.

तेव्हा आधी खण वाढव, म्हणजे मेमरी. रिसेप्शनवर पाहुण्यांचे कप ठेवले आहेत, त्यातले तुझ्या मशीनला लाव. वेळ मोज. मग थैली जवळ आण, म्हणजे कोठी चपळ कर. ती डिस्क जुनी असेल. पुन्हा वेळ मोज. एका वेळी एकच.

आता जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते. दिवा न विझणं वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. १२८ आणि ५१२ वाचलं तेव्हा शंकासुद्धा उरली नाही. मी ३ तारखेलाच हे लिहू शकलो असतो. नाही लिहिलं.

कान गेल्यापासून माणसं माझ्याशी बोलत नाहीत, माझ्यासमोर ओरडतात. तुझी काकू होती तोवर ती ओठ हळू हलवायची. ती गेल्यावर तेही गेलं. तुझ्या पत्रात कुणीतरी माझ्याशी निवांत बोलत होतं. मशीन सुधारलं की ती बेचाळीस मिनिटं संपणार आणि त्यांच्याबरोबर पत्रं संपणार, हे मला कळत होतं. म्हणून म्हटलं, आणखी एक येऊ दे, मग सांगू. तिकडे तू वॉशरूममध्ये रडत होतीस. म्हाताऱ्याने लबाडी केली, पोरी. माफ कर.

आशीर्वाद.

गुणवंतकाका


मीरा रोड (पूर्व)
२० मे २००४, गुरुवार

ती. स्व. काका,

थोडक्यात लिहिते. वेळ नाही, आणि रागावलेय. सविस्तर रागवायलाही वेळ नाही.

पत्र शनिवारी मिळालं. वही घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वही वाचत बसले, बराच वेळ. मग नेहाला बोलावलं. नेहा म्हणाली, "घ्या ना सर, मला नावं टाइप करायला एवढी मेमरी काय करायचीय?" तिची मेमरी माझ्या मशीनला लावली, माझी तिच्या.

चाळीसचे चौदा.

लाल दिवा विझला, काका. अधूनमधून लागतो नुसता. सरांनी त्या दिव्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या कपाटात एक नवी वेगवान डिस्क डब्यात पडून होती, ती स्वतःच काढून दिली. चौदाचे आठ. गंमत म्हणून जुना प्रोसेसर परत लावून बघितला, तर अकरा. म्हणजे सरांचा नारळ वाया नाही गेला. हात मोकळे झाल्यावरच हाताचा वेग दिसला. सरांनी ते वाक्य वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

चुका अकरा. कंपाइल झालं. जाते.

क्षितिजा


श्रीवर्धन
२६ मे २००४
(पोस्टकार्ड)

चि. क्षितिजा,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पिनकोड बरोबर. फार बरं वाटलं. राग योग्य आहे. काम पुरं कर, मला लिहीत बसू नकोस. शेवंतीने तुझ्यासाठी सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोलंबीची, पुडी करून ठेवली आहे.

गुणवंतकाका


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१३ जून २००४, रविवार

ती. स्व. काका,

साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा. घरातून निघताना देवापुढे घातला, त्यातला अर्धा तुमच्या नावाने.

सीडी २९ तारखेला दिली, दोन दिवस आधी. उद्या शाळा उघडतायत आणि चार शाळांच्या फळ्यावर आमचं वेळापत्रक लागेल. पीटीच्या सरांना गणित कुठेही नाही, मी स्वतः तपासलंय. मी कायम झाले. पत्र हातात देताना सरांनी विचारलं, ही वहीची आयडिया कुणाची? म्हटलं, माझ्या काकांची, ते टपालात होते. सर म्हणाले, "लोणच्याच्या बरणीवाले?" मी हो म्हटलं. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला आता एकेक वही आहे. नेहाचं मशीन मात्र हळू झालंय. ती खूश आहे, सुरू होईपर्यंत तिचा चहा होतो.

बाबांना काल सगळं सांगितलं. पतपेढीचा अर्ज त्यांनी माझ्यादेखत फाडला, आणि वर म्हणाले की त्यांना पहिल्यापासून खात्री होती. तुमचा भाऊ आहे तो, लबाडी घराण्यातच असावी.

आता आपलं. मी खूप रागावले होते. एकीकडे माझी नोकरी जातेय आणि तुम्ही कैरीच्या गोष्टी लिहिताय, म्हणून. मग एकदा आठ मिनिटांत कंपाइल झालं आणि मी सवयीने पेन उघडलं होतं. तसंच बंद केलं. त्या दिवशी कळलं की मीही कंपाइलचं निमित्तच करत होते. घरी आईशी बोलायला बसले की ती लग्नाचा विषय काढते, बाबा पतपेढीचा. निवांत असं मीसुद्धा कुणाशी बोलत नव्हते, तुमच्याशिवाय. राग तिथेच गेला.

तर आज ऑफिस बंद, कॉम्प्युटर बंद. खाडीकाठच्या बाकावर बसलेय. शेजारी एक गुजराती काकी भेळ खातायत, त्यांनी विचारलं, "इतना लंबा क्या लिखती है, परीक्षा है क्या?" म्हटलं, काका को चिठ्ठी है. त्यांनी मला अर्धी भेळ दिली, कागदावर डाग आहे तो तिचा. निघताना आईने विचारलं किती वेळ लागेल. मी बेचाळीस मिनिटं सांगितली. मनगटावरच्या घड्याळात बघून लिहितेय. कसलंही कंपाइल चालू नाही. ही बेचाळीस मिनिटं कुणाच्या हेलपाट्यातून उरलेली नाहीत, मी तुमच्यासाठी काढलीयत, आणि दर रविवारी काढणार आहे.

झाली. भेळही संपली.

तुमची,
क्षितिजा


श्रीवर्धन
१७ जून २००४

चि. क्षितिजा,

अनेक आशीर्वाद. शिक्का सोमवारचा, पोचलं आज. पिनकोड बरोबर. डाग चिंचेच्या चटणीचा आहे.

तुझ्या सरांना उलट नमस्कार. तुझ्या बाबाची लबाडी लहानपणापासूनची आहे, माझी अलीकडची.

मीही वही घातली आहे. तुझं पत्र पहिल्यांदा वाचायला मला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्यांदा चौदा. शेवंतीला वाचून दाखवताना एकोणीस, कारण भेळेपाशी ती मला थांबवून डोळे पुसत होती, आणि मग मीही. आत्ता संध्याकाळी पुन्हा वाचलं, तेव्हा पुरी बेचाळीस. वेळ वाढत चालला आहे. नोंद केली आहे. यात काही सुधारणा करायची नाही.

तुझा,
गुणवंतकाका